गौण कोणापेक्षा

मोहफुलांचा वास ज्याला आवडत नाही, त्याच्याशी माझं फारसं जमत नाही. वास गोडसर, किंचित आंबूस, आणि एकदा घरात शिरला की जाता जात नाही. माझ्या मागच्या खोलीत तो मुक्कामालाच आला आहे. पाहुणे नाक मुरडतात, कुणी हळूच खिडकीकडे बघतं. मी खिडकी उघडत नाही. ज्यांना फारच त्रास होतो त्यांना ओसरीवर बसवते आणि चहाही तिथेच देते.

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. नियोजन, मिश्र अर्थव्यवस्था, वसाहतीचा वारसा, वर्गांचे हितसंबंध असले जडजंबाल शब्द भर दुपारी, पत्र्याखालच्या वर्गात, सकाळी चिखलणी करून आलेल्या पोरापोरींच्या गळी उतरवायचे हा माझा धंदा. अर्धा वर्ग पेंगायचा. मी खडू फेकून मारायची, आणि माझा नेम चांगला होता. नोकरीत एवढी एकच गोष्ट मला पहिल्या दिवसापासून जमली.

त्या वर्गात एक मुलगी कधी पेंगली नाही. वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावची, गोंडाची पोर, नातेवाइकांकडे राहून शिकणारी. तिचे प्रश्न सगळे तिरके असायचे. मी म्हणाले, इंग्रज गेले आणि आपण आपली धोरणं आखली. ती म्हणाली, "बाई, इंग्रज गेला तं जंगलचा कायदा कोनासाठी ठेवून गेला?" मी म्हणाले, पुढच्या तासाला सांगते. पुढच्या तासाला सांगितलंही, पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. पहिलं वर्ष संपलं आणि तिचं लग्न झालं, सख्ख्या आत्याच्या मुलाशी. कॉलेज सुटलं, पण तिने मला काही सोडलं नाही. वर्षातून एकदा यायची, कधी चारोळी घेऊन, कधी मध, कधी नुसतीच तक्रार.

मी निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "बाई, आता तुमाले सुट्टीच सुट्टी. पेन्शन खाऊन घरी का करता? मोह वेचाले या."

गेले. बस, मग काळीपिवळी जीप, मग तिच्या नवऱ्याची मोटारसायकल. पोहोचले तेव्हा अंगातली हाडं नव्याने ओळख करून देत होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळा गाव टोपल्या घेऊन निघाला. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात, त्यावर भांडण नसतं. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून साफ केलेला. आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळट, टपोरी, रसाने भरलेली फुलं पडत होती. टप, टप. वर बघितलं तर गालावर पडायची. मी एक उचलून तोंडात टाकलं आणि वय वगैरे सगळं विसरले. इतकं गोड काहीतरी झाडावरून फुकट पडत असतं, आणि मी आयुष्यभर नदीच्या अलीकडे बसून दुर्मीळ साधनांच्या वाटपाबद्दल बोलत होते.

वाकून वेचत होते, तर मागून आवाज आला. "मास्तरीणबाई, वाकू नोका, बसून वेचा. सरकारी कंबर हाये, जपून वापरा."

ती आत्या. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची सासू आणि आत्या, दोन्ही. सून तिला आत्याच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. वय माझ्याहून थोडं जास्त, दात माझ्याहून बरेच जास्त. जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून ज्या बायका मोर्च्यात चालत गेल्या त्यांत ती होती, आणि घरात मोहाची भाकर, मोहाचे लाडू, मोह घालून शिजवलेली चिंच हे सगळं तीच करायची. यात विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. "दारू मानूस करते," ती म्हणायची. "झाड तं फूलच देते."

फुलं अंगणात वाळत पडली. चार उन्हं खाल्ली की मोहफूल मनुक्यासारखं तांबूस आणि सुरकुतलेलं होतं. आणि ते वाळलं की शेठ येतो.

शेठ म्हणजे आठवडी बाजारात काटा लावणारा व्यापारी. वाईट माणूस नव्हता, उलट फार गोड बोलायचा. बायका टोपलीभर मोह आणायच्या, तो काट्यावर घालायचा, भाव सांगायचा, आणि त्या भावात मीठ, तेल, कांदे मोजून द्यायचा. भाव तोच सांगणार. त्यात विचारायचं काय, पाऊस किती वाजता पडणार हे कोण विचारतं? मग आषाढ-श्रावणात घरातलं धान खाली गेलं की तोच मोह, त्याच पोत्यांतून, बायका शेठकडून परत घ्यायच्या, आणि तेव्हाही भाव शेठच सांगायचा. चांगला मात्र चढा. या प्रकाराला आमच्या पुस्तकात एक लांबलचक नाव आहे. गावात त्याला रिवाज म्हणत.

माझ्या विद्यार्थिनीने त्या वर्षी हा रिवाज मोडायचा घाट घातला होता. बचत गटाच्या बायकांना ती म्हणाली, यंदा मोह शेठच्या काट्यावर जाणार नाही. थोड्याचे लाडू करून ब्रह्मपुरीच्या प्रदर्शनात नेऊ. बाकीचा पक्क्या घरात कोरडा ठेवू आणि पावसाळ्यात आपणच वापरू, आपणच विकू. पक्कं घर म्हणजे माझं. माझी मागची खोली स्लॅबची, कोरडी, आणि त्यात माझ्या जुन्या पुस्तकांखेरीज कुणी राहत नव्हतं.

बायका कचरत होत्या. पुरुष तर सरळ हसत होते. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, बैठकीत म्हणाला, "रस्त्यात कोनी धरलं तं? सारा मोह जाईल. मंग शेठच्या पाया पडाले तू जाशील का?" ती उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की मोह गेला तर ज्याचा जेवढा गेला तेवढं धान माझ्या घरच्या कोठीतून भरून देईन. मी शेजारी बसले होते. तिची कोठी मी पाहिली होती. ती भरून दिली असती तर तिच्या घरात पावसाळ्याला पेजही उरली नसती. आत्याने सुनेकडे बघितलं, तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली आणि म्हणाली, "बोल्ली तं बोल्ली." म्हणजे घराचा शब्द झाला.

जायच्या दिवशी जीपच्या टपावर पोती रचली, आत लाडवांचे डबे, आणि डब्यांच्या मधल्या जागेत आम्ही. पाच-सहा बायका, आत्या, सून आणि मी. एवढ्या माणसांत मला खिडकीची जागा दिली होती, कारण मी शिकलेली. बाकीच्या गात होत्या. मीही टाळ्या वाजवत होते, म्हणजे जिथे हात हलवायला जागा मिळेल तिथे.

नदीच्या पुलाआधी नाका होता. जीप थांबवली.

नाक्यावरचे साहेब तरुण होते. सभ्य होते, हे मी आवर्जून सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या सभ्यपणामुळेच घडू शकलं. त्यांनी पोत्यात हात घातला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मोहफूल आहे हे. दारूचा कच्चा माल. जप्त करावा लागेल."

नियम सैल झाल्याचं मी कुठेतरी वाचलं होतं, तसं मी सांगितलं. साहेबांनीही ऐकलं होतं, पण त्यांच्याकडे तसं काही आलं नव्हतं. आपल्याकडे बंदी घोड्यावर बसून येते आणि सवलत बैलगाडीत. वरच्या साहेबांना फोन लावला, ते मीटिंगमध्ये होते. सुनेचे ओठ हलत होते, आणि मला कळलं, ती मनात कोठीतलं धान मोजत होती.

मग आत्या पुढे झाली. तालुक्याच्या सभेत तिने एका अधिकाऱ्याचं भाषण ऐकलं होतं आणि त्यातला एक शब्द घट्ट धरून ठेवला होता. पदर खोचून ती म्हणाली, "साहेब, जोहार. हे गोंड वनोपज हाये. तुमच्याच सरकारनं सांगतलं. मोह, डिंक, तेंदू, चारोळी, सारं गोंड वनोपज. गोंडाचं हाये तं गोंडच नेईन."

साहेबांना आधी कळेना. मग त्यांना हसू आलं. "आजी, गोंड नाही. गौण. गौण वनोपज."

हे मलाही आल्या दिवसापासून सांगायचं होतं. अख्खा गाव गोंड वनोपज म्हणत होता आणि माझी जीभ शिवशिवत होती. शिक्षकाची खोड, चुकीचा शब्द ऐकला की हात खडूकडे जातो. पण सगळा गाव इतक्या अभिमानाने ते म्हणायचा की मी खडू खिशातच ठेवला होता. आता साहेबांनीच काम केलं.

"गौन म्हंजे?" आत्याने विचारलं.

"गौण म्हणजे… दुय्यम. कमी महत्त्वाचं."

"कोनापेक्षा?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लाकडापेक्षा, आत्या. सागवान मोठं, ते मुख्य. बाकीचं सगळं गौण. इंग्रजांना जहाजं आणि रेल्वे बांधायला लाकूड लागायचं. त्यांच्या हिशेबात जंगल म्हणजे लाकूड."

"इंग्रजाचं समजलं," आत्या म्हणाली. "आता कोन जहाज बांधून राह्यला? लाकूड कोन खाते? तुमचं सरकार खाते?"

नाक्यावरचा शिपाई आधी हसला, मग जीपवाला, मग साहेब. मीही हसले आणि हसता हसता मला भरून आलं. वाईट वाटून नव्हे, आनंदाने. मी एवढी वर्षं जो धडा शिकवत होते तो एका प्रश्नात बसत होता. गौण कोणापेक्षा, आणि हे ठरवलं कोणी? ज्याला जंगलातून लाकूड हवं त्याचं मुख्य झालं, ज्याला जंगलातून जेवण हवं त्याचं गौण. पुढे झेंडा बदलला, खुर्चीवरचा माणूस बदलला, पण शब्द तसाच चालू राहिला, कारण नव्या माणसालाही तो सोयीचा होता.

पण हसण्याने पोती सुटत नाहीत. साहेब म्हणाले, "बाई, माझा नाइलाज आहे. तुम्ही लाडवांचे डबे घेऊन जा. लाडू खायची वस्तू आहे, त्याला मी काही म्हणत नाही. फुलं कच्चा माल आहे. ती इथेच राहतील."

सुनेने मान वर केली. तिची ती नजर मला वर्गातली ओळखीची होती, तिरका प्रश्न येण्याआधीची.

"म्हंजे साहेब, फुलाचा लाडू झाला का मंग तो सुटला?"

"हो. म्हणजे, लाडू झाला तर…"

"मंग आमी लाडूच करतो."

"कुठे?"

"इथीच."

साहेबांनी तोंड उघडलं, पण त्यातून नियम निघेना. नाक्याच्या बाजूच्या झाडाखाली बायकांनी लाडू करू नयेत असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. इंग्रजांना सगळं सुचलं, पण हे नव्हतं सुचलं.

त्यानंतरची दुपार मी जन्मात विसरणार नाही. सुनेने एकीला चहाच्या टपरीवर पिटाळलं, तिथून मोठी कढई आली. तीन दगडांची चूल मांडली. दुसरी नाक्यामागच्या घरांमध्ये गेली आणि उखळ-मुसळ घेऊन आली, बरोबर ज्यांचं उखळ त्या बायकाही आल्या, आपलं उखळ परक्याच्या हाती कोण देतं? मी किराणा दुकानात जाऊन जवस आणि तीळ आणले. मोहाच्या लाडवाला गूळ लागत नाही, फूल मुळातच गोड. देठ आणि आतले केसर काढायचे, फुलं मंद भाजायची, जवस आणि तीळ भाजायचे, आणि उखळात सगळं एकत्र कांडायचं, चिकट गोळा होईपर्यंत. गरम असतानाच वळायचं. पोतं सोडलं, साहेबांनी समोर खुर्ची टाकली, आणि सरकारच्या देखरेखीखाली कच्च्या मालाचा पक्का माल होऊ लागला.

मी वर्गात सांगायची की वरोऱ्याकडचा कापूस गाठी बांधून जातो आणि दुसऱ्याच्या गिरणीतलं कापड होऊन परत येतो. कच्चा माल विकणारा गरीब राहतो आणि पक्का करणारा श्रीमंत होतो, म्हणून स्वतंत्र देशाने आपला कारखाना आपण काढायचा असतो. फळ्यावर बाण काढायची, जाणारा एक, येणारा एक. इथे बाण वगैरे काही नव्हतं. एक कढई होती, आणि तिच्या अलीकडे गुन्हा, पलीकडे फराळ. माझ्या हातात झारा दिला होता. मी भाजत होते आणि मला पुन्हा पुन्हा हसू फुटत होतं. आत्या म्हणाली, "मास्तरीणबाई, हसता हसता जाळान. खाली लागून राह्यलं."

दोन बायका समोरासमोर मुसळ मारू लागल्या की आपोआप लय येते, आणि लय आली की गोंडाच्या बायका गप्प बसत नाहीत. रेला, म्हणजे त्यांचं फेर धरून म्हणायचं गाणं, सुरू झाला. टपरीवाली आली, उखळवाल्या होत्याच, रस्त्याने जाणारी माणसं थांबू लागली. एक एसटी थांबली. कंडक्टर विचारायला उतरला की अपघात झाला का, आणि दोन्ही हातांत लाडू घेऊन परत गेला. मग निम्मी बस उतरली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला, मग तोही उतरला. आत्या प्रत्येकाला लाडू देताना सांगत होती, "खा, खा. गौन हाये."

साहेब खुर्चीवर अवघडून बसले होते. सुनेने त्यांच्यापुढे पानावर दोन लाडू ठेवले. "जप्तीचा माल हाये साहेब, तपासून तं पाहा."

त्यांनी एक तोडून तोंडात टाकला. मग म्हणाले, "आमच्याकडं धानाच्या रोवणीच्या टायमाले माय हेच द्यायची. बैलाले पन आणि आमाले पन." त्यांची नाक्यावरची भाषा कुठल्या कुठे गेली होती. निघाले तेही झाडीपट्टीतले, धानवाल्यांच्या घरचे. त्यांनी दुसरा उचलला, आणि तो तोंडात असतानाच फोन वाजला.

"हो सर. हो सर. मोहफूलच सर. नाही सर, दारू नाही." ते घास गिळू बघत होते आणि घास जाईना. मोहाचा लाडू दाताला धरून बसतो. "बरं सर." फोन ठेवून ते उभे राहिले. "सोडा म्हणतात. ते आता चालतं म्हणतात."

"कवापासून?" सुनेने विचारलं.

"बरंच झालं म्हणतात."

मुसळं थांबली. एक पोतं तोवर संपत आलं होतं, बायकांच्या तळहातांना फोड आले होते, माझे डोळे धुराने लाल झाले होते. मला संताप आला. मी साहेबांना चार शब्द सुनवायला पुढे झाले, कारण हा राग मुंबईपर्यंत नेण्याची सोय नव्हती आणि जवळ तेच होते. पण आत्या मटकन खाली बसली आणि हसू लागली. असं हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग सून हसली, आणि मग काही इलाज राहिला नाही. साहेब स्वतः पोती परत टपावर चढवू लागले. मी माझे चार शब्द गिळले. तेही दाताला धरून बसले होते, पण गेले.

प्रदर्शनातल्या आमच्या लाडवांना धुराची चव होती आणि लोकांना तीच आवडली. कॉलेजच्या मैदानावर मांडव होता. एका गृहस्थाने लाडू हुंगून मला विचारलं, "चढत तर नाही ना?" मी म्हटलं, "चढतं. वजन." शेजारच्या टेबलावर बेदाणे होते, अख्खा महाराष्ट्र ओलांडून आलेले. मी त्या विक्रेत्याला विचारलं, वाटेत कुणी थांबवलं का. तो म्हणाला, "टोलनाक्यावर." द्राक्षाचीही दारू होते, उसाच्या मळीचीही होते, आणि दोन्हींना परवाने मिळतात, सवलतीही मिळतात. पण द्राक्ष आणि ऊस ज्यांच्या मळ्यात पिकतो त्यांची माणसं विधानसभेत बसतात, आणि मोह ज्यांच्या जंगलात पडतो त्यांची माणसं जीपमध्ये डब्यांच्या मधे. मी काही फार मोठं सांगत नाही, हे कुणीही सांगेल. माझं पेन्शनही दर महिन्याला बिनबोभाट येतं, त्याला कोणत्याही पुलावर कुणी हात दाखवत नाही, तेव्हा माझीही बाजू ठरलेली आहेच. मी बेदाण्यांचं पाकीट घेतलं आणि आत्याला दिलं. तिने चाखून सांगितलं की बरे आहेत, पण वास नाही.

उरलेली पोती माझ्या मागच्या खोलीत आली. पुस्तकं भिंतीला सरकवली, पोती मधे. बायका परत गेल्या, आणि सुनेच्या कोठीतल्या धानाला हात लागला नाही. पण खरी परीक्षा अजून व्हायची होती. मोह विकला गेला पाहिजे होता. नाही गेला असता, तर पुढच्या वर्षी भासऱ्याचंच खरं ठरलं असतं आणि सगळ्या टोपल्या पुन्हा काट्यावर गेल्या असत्या. मी रोज खोलीत जाऊन पोत्यांना हात लावून बघायची, ओल आली का, उंदीर लागला का. असं मी माझ्या प्रबंधालाही जपलं नव्हतं.

मे संपता संपता तिचा फोन आला. त्यांच्या गावात फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं. ती धापा टाकत होती.

"बाई, शेठ आला. गावात. गाडी घेऊन सोताच आला."

भामरागडकडचे रस्ते पावसात तुटतात, त्याआधी शेठला तिकडच्या दुकानांत माल भरायचा असतो. दर वर्षी मोह त्याच्या गोदामात असायचा. या वर्षी आजूबाजूच्या गावांनीही आमच्या बायकांचं बघून हात आखडता घेतला होता, हे मला तेव्हा कळलं. त्याचं गोदाम रिकामं होतं.

"मग? काय म्हणतो?"

"मोह मांगून राह्यला. आनि बाई…" ती थांबली. मला वाटलं रेंज गेली. "बाई, त्यानं मले भाव विचारला. म्हने, तुमी सांगा, का भावानं देता?"

मागणी, पुरवठा, किंमत ठरण्याची प्रक्रिया, सगळं मी तिला शिकवलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर मला त्या क्षणी आठवेना.

"आमच्या गावात हे कधी कोनी विचारलंच नाई," ती म्हणाली. "मले सुचलंच नाई का बोलू. आत्याकडे पाह्यलं तं तिलेबी सुचलं नाई. साऱ्या बायका गुपचूप."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, शेठजी, बसा. आमी साऱ्या मिळून विचार करतो, मंग सांगतो."

"आणि तो?"

"बसला ना बाई. खाली, मोहाच्या झाडाखाली, जमिनीवर." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "लय वेळ झाला. अजून बसूनच हाये."